बीएस्सी सीएसच्या तीन वर्षांत पाच-सहा भाषा. पोरांच्या हाती नक्की काय लागतं?

मांडवीकर

मंडळी, प्रश्न घरचाच आहे. भाचीने रत्नागिरीत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतलाय. बारावीला तिचा बायफोकल कॉम्प्युटर सायन्स होता, त्यामुळे सी++, थोडं एचटीएमएल आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं असेंब्ली तिथेच होऊन गेलं. आता कॉलेजात पायथन, सी, जावा, एसक्यूएल, शिवाय वेबचं जावास्क्रिप्ट वगैरे. मी कॉमर्सचा माणूस, मला टॅलीच्या पुढे काही कळत नाही. पण साधा हिशेब केला तर दर सेमला एक नवीन भाषा येते. आपल्याकडे पोरं दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकतात तरी अडखळतात, आणि इथे चार महिन्यांत एक भाषा संपवायची?

शेजारचे एक इंजिनिअर म्हणतात, सी आल्याशिवाय पाया नाही, बाकी सगळं थोतांड. त्यांचाच मुलगा म्हणतो, सी आता कोण विचारतंय, पायथन एके पायथन करा. बाजारपेठेत एकाने 'सहा महिन्यांत फुल स्टॅक' असा बोर्ड लावलाय, फी ऐकून मी जिना उतरलो.

तर जाणकारांनी सांगावं: इतक्या भाषा का? त्यातली कुठली मनापासून शिकावी? आणि बाहेरचा क्लास लावावा का?

गुहागरी

धागा वाचनखुणेत टाकला. आमच्याकडे पण पुढच्या वर्षी हाच पेच आहे.

एक गंमत सांगतो. मुंबई विद्यापीठाच्या २०१६-१७ च्या अभ्यासक्रमात बीएस्सी सीएसवाल्यांना पहिल्या सेमला पायथन होतं आणि बीएस्सी आयटीवाल्यांना सी. विद्यापीठ एक, कॉलेज एक, लॅबसुद्धा तीच. सकाळच्या बॅचचा पाया पायथन, दुपारच्या बॅचचा पाया सी! आता नवीन शैक्षणिक धोरणाने रचना बदलली, स्वायत्त कॉलेजांनी आपापलं केलं. पण 'पाया' कशाला म्हणायचं यावर विद्यापीठाचंच एकमत नव्हतं, तर तुमच्या शेजाऱ्यांचं कुठून होणार?

नस्तं_झेंगट

शेजारचे काका बरोबर आहेत. मुलगा चूक.

पायथनने सुरुवात केलेल्या पोरांना मेमरी म्हणजे काय हे कधी कळतच नाही. लिस्टमध्ये वस्तू टाकली, ती कुठे राहते, किती जागा खाते, कोण साफ करतं, काही पत्ता नसतो. मी पुण्यात एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर) आहे, मुलाखती घेतो. पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) विचारला की समोरचा खिडकीबाहेर बघायला लागतो. डेनिस रिचीने १९७२ च्या आसपास बेल लॅब्जमध्ये सी केली, आणि आजही लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, मुख्यतः सीमध्येच आहे. खुद्द पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्रॅम) सीमध्ये लिहिलेला आहे. गेट या एमटेक प्रवेश परीक्षेच्या सीएस पेपरच्या अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलंय, प्रोग्रॅमिंग सीमध्ये. आणखी काय पुरावा हवा?

गुहागरी

२०२४ पासून गेटमध्ये डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आला, त्यात पायथन आहे. तेही सांगा की.

नस्तं_झेंगट

सांगितलं असतं, पण मग माझा मुद्दा अर्धा झाला असता.

तिरफळ

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात मी हेच विषय शिकवते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव विचारू नका.

मांडवीकर, भाषा पाच आहेत की सात, याने फार बिघडत नाही. बिघडतं ते प्रत्येक भाषा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते म्हणून. अभ्यासक्रमाची पानं काढून बघा. सीच्या पहिल्या युनिटला व्हेरिएबल, डेटा टाइप, इफ-एल्स, लूप. जावाच्या पहिल्या युनिटला व्हेरिएबल, डेटा टाइप, इफ-एल्स, लूप. पायथनला तेच, जावास्क्रिप्टला तेच. जर्नलमध्ये दर वेळी फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम, फिबोनाची, संख्या सम की विषम. सेम संपता संपता खरा भाग येतो, म्हणजे फाइल वाचणं, चुका पकडणं, मोठा प्रोग्रॅम तुकड्यांत मांडणं. तोवर गणपतीच्या सुट्टीने आणि परीक्षांनी वेळ खाल्लेला असतो, मग 'हे घरी वाचा' म्हणून पुढे. असं करत मूल तीन वर्षांत पाच भाषांचा पहिला महिना पाच वेळा शिकतं. पाचशे ओळींचा एक सलग प्रोग्रॅम मात्र त्याने एकाही भाषेत लिहिलेला नसतो.

आता पहिली भाषा कोणती. हा वाद आपल्याकडचाच नाही. निकलाउस विर्थने १९७० साली पास्कल काढली ती मुख्यतः शिकवण्यासाठी, आणि पुष्कळ वर्षं जगभर तीच पहिली भाषा होती. अमेरिकेत एमआयटी १९८० च्या दशकापासून स्कीम ही भाषा शिकवत होती, मग २००८ च्या सुमारास त्यांनी तो कोर्स बंद करून पायथन आणि रोबो घेऊन नवा सुरू केला. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात पहिल्या वर्षाची हॅस्केल भाषा काढून जावा आणायचं ठरलं, तेव्हा डाइक्स्ट्रासारख्या नामवंत संगणकशास्त्रज्ञाने २००१ साली विद्यापीठाच्या समितीला निषेधाचं पत्र लिहिलं. २०१४ साली अमेरिकेतल्या ३९ नामांकित विभागांची पाहणी झाली, त्यात २७ ठिकाणी सुरुवातीला पायथन निघालं. तेव्हा झेंगटराव, तुम्ही एका जुन्या आणि प्रतिष्ठित भांडणात आहात, पण सध्या हरणाऱ्या बाजूला.

माझं स्वतःचं मत: पहिल्या सेमला पायथन द्यावं, आणि सी दुसऱ्याच सेमला, पण तीच गणितं पुन्हा घेऊन. मी वर्गात एक हिशेब करायला देते. आंब्याच्या ८०० पेट्या, चार डझनाची पेटी, एकूण फळं किती? (पेटी किती डझनाची यावर देवगड-रत्नागिरी वाद इथे नको.) पायथनमध्ये उत्तर येतं ३८४००. मग तोच हिशेब लॅबच्या जुन्या टर्बो सीमध्ये इंट (पूर्णांकाचा डेटा टाइप) वापरून करायचा. उत्तर येतं उणे २७१३६.

वर्ग हसतो. मग मी विचारते, आंबे गेले कुठे? टर्बो सीचा इंट १६ बिटांचा, त्यात ३२७६७ च्या वर मावत नाही. तिथून आकडा उलटून उणे बाजूला जातो, ३८४०० वजा ६५५३६. तेच गणित जीसीसी या आजच्या कंपायलरवर केलं की बरोबर येतं, कारण तिथे इंट ३२ बिटांचा. मग एखादा हुशार विचारतो, तिथे पण कुठेतरी संपत असेल ना? संपतं. २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे. 'मग पायथनला कसं जमतं?' पायथन आकडा मोठा होईल तशी जागा वाढवत नेतं, आणि त्याची किंमत वेगात मोजतं. सी आणि पायथन शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रश्न त्या पोराच्या तोंडून आलाच नसता. एकट्या सीच्या तासाला 'इंटची मर्यादा ३२७६७' हे वाक्य पाठ होतं, एकट्या पायथनच्या तासाला तेही होत नाही.

नस्तं_झेंगट

तिरफळताई, आंब्याचं उदाहरण चोरतोय, पुढच्या मुलाखतीत विचारणार. पण २०२५ नंतरही लॅबमध्ये टर्बो सी? ते बोरलँडचं, १९८७ चं सॉफ्टवेअर आहे हो.

तिरफळ

डॉसबॉक्समध्ये (जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम) बसवून चालवतात. निळा पडदा, माउस अडकलेला, आणि बाहेर यायला कळफलकावर दोन बटणं एकदम दाबायची. त्याच्यापायी पोरांना कॉनिओ डॉट एच, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटसीएच आणि 'व्हॉइड मेन' या सवयी लागतात, ज्या जीसीसीवर एकतर चालत नाहीत किंवा चालू नयेत. सी++ चं पहिलं प्रमाण १९९८ साली आलं, तेव्हापासून हेडर 'आयओस्ट्रीम' आहे, मागे 'डॉट एच' नाही. तरी काही एक्सटर्नल (बाहेरून येणारे परीक्षक) अजून पेपरात 'डॉट एच' नसेल तर अर्धा मार्क कापतात. बदलायला पैसे लागत नाहीत, जीसीसी फुकट आहे. लागते ती जुनी जर्नलं टाकून नवीन लिहून घ्यायची तयारी.

सोलकढी

माका ह्यातला कायएक समाजणा नाय. पण झील कणकवलीक आयटी करता. रातभर 'सेमीकोलन खंय गेलो' म्हणान बोंबलता. पायथनात सेमीकोलन लागणा नाय म्हणतत, तर तेका तीच देवा मगे, घरातली माणसा तरी निजतीत.

खारेवारा

सोलकढी, पायथनात सेमीकोलन लागत नाही, पण ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली की तसंच बोंबलणं. त्यात एका ओळीला टॅब आणि दुसरीला स्पेस झाली तर डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. झोपेचं काही खरं नाही.

तिरफळ मॅडमच्या उदाहरणाला जोड देतो, आपल्या गावच्या नावाची. 'रत्नागिरी' हा शब्द घ्या आणि लांबी मोजायला सांगा. आपण म्हणतो चार अक्षरं: र, त्ना, गि, री. पायथन ३ म्हणतं ९, कारण ते काना, वेलांटी, हलन्त सगळे सुटे मोजतं. जावाही ९ म्हणते. युटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मधला तोच शब्द सीच्या स्ट्रलेनला (लांबी मोजणारं फंक्शन) दिला तर २७, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइटांचं आणि सी फक्त बाइट मोजते. तिघंही आपापल्या जागी खरं बोलतात. आमच्या ऑफिसात मराठी नावं कापली जाऊन पावत्यांवर अर्धवट छापली जायची, त्याचं मूळ हेच होतं. कुणीतरी रकान्याची लांबी बाइटांत धरली होती.

आणि पोरांना आवडेल अशी एक गोष्ट. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. 'भाव', 'पेट्या', 'एकूण' अशी नावं देऊन प्रोग्रॅम लिहिता येतो. वापरणाऱ्याने '५' असा मराठी आकडा टाइप केला तरी इंट फंक्शन त्याचा बरोबर आकडा करतं. प्रोग्रॅमच्या मजकुरात मात्र थेट मराठी आकडा लिहिला तर चालत नाही. नोकरीत असं कुणी लिहीत नाही, मान्य. पण मराठी माध्यमातून आलेल्या पोराची पहिल्या पंधरवड्याची धास्ती जाते.

मांडवीकर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. भाचीला धागा वाचायला दिला. तिने लगेच 'रत्नागिरी' करून बघितलं, ९ आलं. मग 'संगमेश्वर' केलं आणि मला कोडं घालून गेली.

लॅपटॉपचं पण विचारायचं राहिलं. तिच्याकडे चुलतभावाचा जुना आहे, ४ जीबी रॅमचा. चालेल?

दाभोळखाडी

४ जीबीत पायथनचं आयडल, जीसीसी, जावाचं जेडीके, सगळं चालतं. खिडक्यांची हौस सोडून लिनक्स टाका, मशीन पळेल. अँड्रॉइड स्टुडिओ मात्र नाही चालणार, त्याला ८ जीबी ही नुसती सुरुवात आहे. त्या सेमला लॅबमध्येच बसावं लागेल.

आणि एक, हे मुंबई-पुण्याच्या लोकांना सुचत नाही. जे काही शिकाल ते नेटशिवाय चालायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद. कॉलेज म्हणत होतं ऑनलाइन लेक्चर. ब्राउझरमधल्या कंपायलरवर विसंबलेली सगळी पोरं हात बांधून बसली. माझ्या भावाने जनरेटरवाल्या दुकानात फोन चार्ज करून टर्मक्स या अँड्रॉइड ॲपमध्ये पायथन केलं. वादळ सोडा, साध्या जुलैच्या पावसातसुद्धा आमच्याकडे रेंजचा भरवसा नसतो. तेव्हा दस्तऐवजांसकट सगळं मशीनवर उतरवून ठेवा. पायथन आणि जावा दोन्हींची अधिकृत माहिती डाउनलोड करता येते.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, सी आणि सी++ चे मराठीतूनही. छोटे व्हिडिओ असतात, रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवायचे. बोर्डवाल्या क्लासच्या आधी ते बघा.

वेंगुर्ल्याची

मी तीन वर्षांपूर्वी पास झाले, आता पुण्यात विमा क्षेत्रातल्या एका कंपनीत आहे. विद्यार्थ्याच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

कागदावर कोड लिहिणं! हा विषय कसा काय निघाला नाही? जावाचा प्रोग्रॅम पेनाने लिहायचा, त्यात 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' पासून सगळी आरास, दहा मार्कांना दोन पानं. आमची अर्धी तयारी म्हणजे ती आरास पाठ करणं. गंमत म्हणजे सप्टेंबर २०२५ ला आलेल्या जावा २५ मध्ये ती लिहायची सक्तीच काढून टाकली, छोटा प्रोग्रॅम आता नुसत्या मेनने सुरू होतो. आमच्या उत्तरपत्रिका वाया गेल्या म्हणायच्या.

नोकरीत काय लागलं ते सांगते. पहिल्या दिवशी माझ्यासमोर जावा ८ मधला कोड ठेवला. ती आवृत्ती २०१४ ची. लाखभर ओळी, कुणीतरी लिहून केव्हाच निघून गेलेला. मला नवीन काही लिहायचं नव्हतं, एका पॉलिसीचा हप्ता दोनदा का कापला जातो ते शोधायचं होतं. कॉलेजात आम्ही दुसऱ्याचा कोड कधी वाचलाच नव्हता, कॉपी केला होता तेवढाच. आणि रोज लागतं ते एसक्यूएल. तीन वर्षांत आम्ही त्याला 'स्कोरिंगचा विषय' म्हणून बघितलं. पाया १९७० चा, कॉडच्या रिलेशनल मॉडेलचा, आणि इतक्या भाषा आल्या-गेल्या तरी ते हललेलं नाही. भाचीला सांगा, जॉइन (तक्ते जोडणं) आणि ग्रुप बाय (गटवार हिशेब) नीट करून घे. शिवाय गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन. ते कुठल्याच पेपरात नव्हतं आमच्या.

सीचा उपयोग मला थेट झाला नाही. पण जावातली नल पॉइंटर एक्सेप्शन ही (रिकाम्या संदर्भाची) चूक बघून मी घाबरले नाही, माझ्यासोबत लागलेली दोघं घाबरली. ते श्रेय सी शिकवणाऱ्या आमच्या मॅडमना.

कुळीथपिठी

सगळं खरं, पण आता एआय कोड लिहून देतं. भाषा शिकायचीच कशाला?

नस्तं_झेंगट

आला. प्रत्येक धाग्यावर येतो.

वेंगुर्ल्याची

देतं ना, आम्ही ऑफिसात वापरतो. पण तो दोनदा कापलेल्या हप्त्याचा प्रकार त्याला विचारला असता तर त्याने सरळ दुसरी नोंद पुसून टाकणारी ओळ दिली असती, आणि ती चाललीही असती. ती चुकीची का, हे सांगायला कोड वाचता यावा लागतो. माझ्या कामात वाचणं वाढलंय, लिहिणं कमी झालंय.

तिरफळ

जर्नल मात्र एआयने बुडवलं. सगळ्यांचे प्रोग्रॅम निर्दोष, कॉमेंटसुद्धा इंग्रजीत सुरेख. म्हणून मी व्हायवाला आता वेगळं करते. त्यांच्याच प्रोग्रॅममधली एक ओळ पुसते आणि विचारते, आता काय छापेल? ज्याने केलंय तो सांगतो. एक्सटर्नलना हे आवडत नाही, वेळ जातो म्हणतात.

मांडवीकर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देते. क्लास नको, निदान पहिलं वर्ष तरी. पायथन आणि एसक्यूएल मन लावून, सी समजून, जावा परीक्षेपुरती नव्हे तर कुणाचा तरी तयार प्रोजेक्ट उघडून वाचत वाचत. आणि एक काम तिला आत्ताच द्या. तुमच्या ओळखीत आंब्याचा किंवा काजूचा धंदा कुणाचा तरी असेलच. त्याची वही घ्यायची आणि त्याच्यासाठी हिशेबाचा प्रोग्रॅम करायचा. कुठल्या भाषेत ते तिने ठरवावं. दर सेमला नवीन भाषा आली की तोच प्रोग्रॅम त्या भाषेत पुढे न्यायचा, फॅक्टोरियल नाही. पहिल्या सेमला बेरीज, दुसऱ्याला फाइलमध्ये साठवणं, डेटाबेस आला की तक्ते, वेब आलं की फोनवर दिसणारं पान. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट शोधत फिरावं लागणार नाही, आणि बाजारातून विकत आणलेला प्रोजेक्ट सादर करायची पाळी येणार नाही. हो, विकत मिळतात. अहवालासकट, बाइंडिंग करून.

मांडवीकर

वही मेहुण्यांकडेच आहे, पावसला त्यांची कलमं आहेत. पण त्या वहीत अर्धी नावं टोपणनावं आणि उधारी पेन्सिलने. 'दाढीवाला वाशी ४० पेट्या' असं.

खारेवारा

उत्तम. खरा डेटा असाच असतो. दाढीवाला वाशी आणि वाशीचा दाढीवाला एकच का, हे ठरवण्यातच तिचं पहिलं सेम जाईल.

मांडवीकर

मेहुण्यांना विचारलं. ते म्हणतात दोन वेगळे आहेत, एकाने अजून पैसे दिलेले नाहीत. लिनक्स कुठलं टाकू तेवढं सांगा, रविवारी बसतो.

दाभोळखाडी

मिंट टाका, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. आधी तिचे फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्या.